हिरामणदादांनी पास केलेला अल्बम

हिरामणदादांवर मी अजून चिडलेली आहे, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे मी त्यांचं कौतुक करायला लागले, तर राग गेला असं कुणी समजू नये. राग गेलेला नाही. पण या माणसाबद्दल बोलायचं म्हटलं की कौतुकाशिवाय सुरुवातच होत नाही, त्याला मी तरी काय करू?

आमची ओळख चाकणच्या कंपनीतली. पत्रा दाबून गाड्यांचे भाग बनवायची कंपनी. मी क्वालिटीत नवीन लागले तेव्हा दादांची प्रेस शॉपमध्ये वीसेक वर्षं झाली होती. बुटके, रुंद, डोक्यावर पांढरी टोपी आणि सेफ्टीवाला येताना दिसला की टोपीवर हेल्मेट. खिशात बडीशेपेची पुडी. कानात घालायचे बोळे दोरीने गळ्यात लोंबकळत असायचे, पण कानात कधीच नाहीत. पहिल्याच आठवड्यात मी त्यांना हटकलं, तर म्हणाले, "म्याडम, बोळं घातलं की मशीन मुकं व्हतं. मंग दिवसभर मी बोलू कुनाशी?"

मला वाटलं, आला आणखी एक शहाणा. नगर जिल्ह्यातून येऊन मी असे बरेच शहाणे पाहिले होते. पण त्याच महिन्यात एक प्रकार घडला. मोठ्या प्रेसवर काम जोरात चालू होतं आणि दादा तीन मशीन पलीकडे उभे होते. ते एकदम चालत आले, लाल बटण दाबून प्रेस बंद केली आणि म्हणाले, "डाय चिरतीय." टूलरूमची माणसं आली, त्यांनी तोंडं वाकडी केली. डाय म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा, तो उतरवायचा म्हणजे अख्खी शिफ्ट गेली. उतरवला. एका कोपऱ्यात केसाएवढी चीर होती. ती तशीच राहिली असती तर पुढे साच्याचा तुकडा उडून कुणाच्या अंगात घुसला असता. तेव्हापासून मी दादांना "तुम्हाला कसं कळतं" असं विचारणं सोडलं आणि त्यांनी सांगितलं की ऐकायला लागले.

प्रेस शॉपमधली सगळीच माणसं ओरडून आणि हातवारे करून बोलतात. दादाही तसेच बोलायचे. त्यात कुणाला काही वेगळं वाटायचं कारण नव्हतं.

दादा मूळचे रहाटणीचे, गाववाले. शेती केव्हाच गेली होती. तिथे त्यांनी तीन मजली इमारत बांधून खोल्या भाड्याने दिल्या होत्या. तळमजल्याची एक खोली चार पोरांनी घेतली, भिंतींना गाद्या ठोकल्या आणि आत ड्रम, गिटार असं सगळं आणून ठेवलं. पहिल्याच रविवारी अख्खी गल्ली दादांच्या दारात आली. दादा पोरांना हाकलायला म्हणून खाली गेले आणि तिथेच बसले. पुढचं त्यांनी मला कंपनीच्या बसमध्ये सांगितलं होतं.

"म्या आत गेलो, तर पोरगं ड्रम बडवतंय आन दुसरं गिटार वाजवतंय. म्या बोटं मोजाय लागलो. ड्रमवालं सातावर येतंय, गिटारवालं पाचावर. आपल्या दोन नंबर आन तीन नंबर प्रेसचं कसं हाय? शेजारीशेजारी चालत्यात, पन येळ येगळी. मधीच एकदा दोघी संगं पडत्यात आन जिमीन हादरती. तसंच. म्या म्हनलो, आरं, तुमी संगं पडायच्या आधी एक ठोका चुकवताय."

ड्रमवाला पोरगा म्हणजे तन्मय. तो आकुर्डीचा. वडील दुचाकीच्या कारखान्यात आणि हा स्वतः चाकणला दुसऱ्या एका कंपनीत डिझाइनला. चुकत होता खरंच. टोपी घातलेल्या, बडीशेप चघळणाऱ्या घरमालकाने ते पकडलं म्हटल्यावर तो वेडाच झाला. हाकलणं राहिलं बाजूला, दादांना बसायला खुर्ची आली आणि ती त्या खोलीत कायमची राहिली.

बँडचं नाव 'पावणेसात'. पहिल्या शिफ्टची बस पावणेसातला येते म्हणून. या संगीताला प्रोग्रेसिव्ह मेटल म्हणतात हे मला नंतर कळलं. जड गिटार, दहा-दहा मिनिटांची गाणी आणि ताल असे की पायाने ठेका धरायला गेलं की आपण तोंडघशी पडतो. दादा मला म्हणाले होते, "म्याडम, येकदा रयवारी आमच्या खोलीवर या. भांडी पडल्यागत वाटंल, पन घाबरू नका." गेले, बसले, पहिली दहा मिनिटं भांडी पडत राहिली. मग दादांच्या डाव्या हाताचं बोट दिसलं. ते मांडीवर शांतपणे मोजत होतं. मी त्या बोटाकडे बघत ऐकलं आणि सगळा गोंधळ एकदम जागच्या जागी बसला. त्या दिवसापासून मी पावणेसातची झाले आणि खोलीवर दादा मला म्याडमऐवजी ताई म्हणायला लागले.

आमच्या शॉपमध्ये एक रीत आहे. शिफ्ट सुरू झाली की प्रेसमधून निघालेला पहिला पीस क्वालिटीच्या टेबलावर येतो. तो तपासून, त्यावर सही झाल्याशिवाय पुढचा माल काढायचा नाही. दादांनी ही रीत खोलीत आणली. गाणं तयार झालं की आधी दादांनी ऐकायचं. त्यांनी "चालू करा" म्हटलं तरच ते बाहेर. पहिल्या अल्बमच्या वेळी त्यांनी दोन गाणी परत पाठवली होती. एकात गिटार उगाच लांबतंय म्हणून आणि दुसऱ्यात, "ह्यात तू कुनाला तरी दाखवाय वाजवतोयस, तन्या." पोरं चिडली, पण गाणी बदलली. अल्बम असा काही निघाला की हिंजवडीच्या कंपन्यांमधली पोरं, आकुर्डीच्या कॉलेजातली पोरं आणि आळंदीचा एक मृदंग शिकवणारा माणूससुद्धा चाहता झाला. फोनवर ग्रुप निघाला. तो प्रसाद चालवायचा, सॉफ्टवेअरमधला, मजकूर लिहायला बसला की न थांबणारा. प्रत्येक गाण्याखाली लोक "चालू करा" असं लिहायचे. दादांना स्मार्टफोन जमायचा नाही, म्हणून मी बसमध्ये वाचून दाखवायचे. ते खिडकीबाहेर बघत ऐकायचे, पण चेहरा खुललेला लपत नसे.

"सही करनं सोपं हाय, ताई," असं ते एकदा म्हणाले होते. "मान्साला न्हाई म्हनता आलं पायजे." हे वाक्य मी माझ्या टेबलाजवळ लिहून चिकटवलं होतं. आता काढलंय.

दुसऱ्या अल्बमसाठी तन्मयने नोकरी सोडली. घरात केवढा तमाशा झाला असेल ते मी सांगायला नको. कारखान्यातल्या बापाला मुलाने नोकरी सोडणं म्हणजे काय असतं. अल्बमचं नाव 'उष्मा'. तीन वर्षं लागली. रेकॉर्डिंग झाल्यावर सगळे आवाज एकत्र बसवायचं काम, मिक्सिंग, तन्मयने घरी एकट्याने केलं. तेच तेच महिनोनमहिने ऐकून स्वतःच्या कानावरचा भरवसा उडतो, असं तो म्हणायचा. मग दर रविवारी तो ते घेऊन दादांकडे यायचा. मी दोनतीनदा होते तिथे. तो विचारायचा, "दादा, झांजा टोचतात का?" झांजा म्हणजे ड्रमबरोबरच्या त्या पितळी थाळ्या. दादा डोळे मिटून ऐकायचे, बोट मोजत असायचं, आणि म्हणायचे, "टोचत कुठल्या? दबल्यात. वर घे." पुढच्या रविवारी तो वर घेऊन यायचा. "आजून वर." तिसऱ्यांदाही "आजून."

खरं सांगते, मला टोचल्या होत्या. कानाच्या आत काहीतरी खरवडल्यासारखं झालं होतं. पण डायची चीर ज्याने तीन मशीन पलीकडून ऐकली, तो माणूस दबल्यात म्हणतोय. मी कोण? मी गप्प बसले. शेवटी दादा "चालू करा" म्हणाले आणि तन्मयने खाली वाकून त्यांच्या पायाला हात लावला.

अल्बम शुक्रवारी दुपारी इंटरनेटवर आला. ग्रुपवर दादांचाच एक नियम होता: तीन पीस बघितल्याशिवाय बॅच नाकारायची नाही, म्हणजे तीनदा ऐकल्याशिवाय कुणी मत द्यायचं नाही. त्यामुळे दुपारभर ग्रुप शांत होता. मी कँटीनमध्ये फोन समोर ठेवून बसले होते. चार वाजता पहिला मेसेज पडला. "माझ्या हेडफोनचा प्रॉब्लेम आहे की काय?" मग दुसरा, "भावा, माझ्याही." मग जे सुरू झालं ते तीन दिवस थांबलं नाही. पत्र्यावर खिळा ओढतायत. दुसऱ्या गाण्यातच डोकं धरलं. गाणी चांगली असतील राव, पण ऐकवत नाहीत. बायको म्हणाली बंद कर, पहिल्यांदाच तिचं पटलं. कुणी म्हणालं हे मुद्दाम केलंय, यांना आता परदेशातल्या बँडसारखं कर्कश व्हायचंय. कुणी म्हणालं तन्मयला माज आलाय. "चालू करा"च्या जागी लोक "बंद करा" लिहायला लागले. प्रसादने लांबलचक मजकूर टाकला. त्यातलं एक वाक्य माझ्या लक्षात राहिलंय: "इतकी वर्षं आम्ही कान दिला, त्या कानाची यांनी ही किंमत केली."

तन्मय एका अक्षराने बोलला नाही. गिटारवाल्याने त्याच्याशी बोलणं बंद केलं. आणि मी, मूर्ख, सगळ्यांशी एकटी भांडत होते. "हिरामणदादांनी पास केलाय. पुन्हा ऐका. तुमच्या कानांना सवय नाही." हे मी माझ्या नावाने लिहिलं, दहादा लिहिलं. शेवटी प्रसाद म्हणाला, ठीक आहे, पुढच्या रविवारी खोलीवर सगळे जमू, दादांनाच विचारू. मी म्हटलं, विचारा.

मधल्या आठवड्यात कंपनीत वर्षाची आरोग्य तपासणी होती. व्हॅन येते, त्यात कान तपासायची काचेची छोटी खोली असते. कानाला हेडफोन लावतात, बारीक टीक वाजली की बोट वर करायचं. माझ्या आधी दादांचा नंबर होता. बाहेर बसलेली तपासणारी मुलगी बटणं दाबत होती आणि दादा आत बोट वर करत होते. टीक, बोट. टीक, बोट. माझा फॉर्म अर्धवट राहिला होता, म्हणून मी तिच्याजवळ जाऊन काहीतरी विचारायला वाकले. दादांचं बोट थांबलं. तिने पुन्हा बटण दाबलं. बोट नाही. पुन्हा. नाही. मी मान वर करून आत बघितलं. दादा माझ्याकडे बघत नव्हते. ते माझ्यामागे, त्या मुलीचा हात जिथे असायला हवा तिथे, मान तिरकी करून शोधत होते.

मला कळायला दोन सेकंद लागले. ते ऐकत नव्हते. ती बटण कधी दाबते ते बघत होते.

मी काय करायला हवं होतं ते मला ठाऊक आहे. क्वालिटीवाली आहे मी. मी बाजूला सरकले. दादांचं बोट पुन्हा वर-खाली व्हायला लागलं आणि ते पास झाले.

व्हॅनच्या मागे मी त्यांना गाठलं. "किती दिवस झाले?"

त्यांनी पुडी काढली, बडीशेप घेतली नाही, पुडी परत खिशात ठेवली. "चार-पाच वर्सं. जाड आवाज येत्यात. प्रेसचा येतो, ड्रमचा येतो. पातळ न्हाई येत."

"झांजा?"

"न्हाई."

"मग तन्मयला वर घे कशाला सांगत होतात?"

"मला येत न्हवत्या म्हून. वाटलं थोड्या वर घेतल्या की येतील."

मी इतकी संतापले की त्यांच्याकडे बघवेना. म्हटलं, "दादा, त्याने नोकरी सोडली. तीन वर्षं घातली. लोक त्याला काय काय बोलतायत ते मीच तुम्हाला वाचून दाखवते ना बसमध्ये? तुम्ही खिडकीतून बाहेर बघत ऐकताय. एकदा तरी म्हणायचं की मला ऐकू येत नाही."

ते हळू म्हणाले, म्हणजे त्यांच्या मानाने हळू, "ताई, ह्या कंपनीत मला कान म्हनूनच वळखत्यात. खोलीवर बी तसंच. त्यो गेला म्हनल्यावर मंग माझं काय ऱ्हातंय? पत्रा उचलनारं कुनीबी हाय." मग म्हणाले, "रयवारी सांगतो. समद्यांफुडं सांगतो. तू आदी बोलू नगंस. माझं मला सांगू दे."

मी त्यांचा शब्द धरला. खोटं का बोलू, मला बरंच वाटलं. दादा खरं सांगतील, लोकांना कळेल, झांजा खाली घेऊन अल्बम पुन्हा बाहेर आणता येईल. गाणी तर चांगलीच होती. मी मनातल्या मनात पुढचं सगळं मार्गी लावून टाकलं होतं.

रविवारी खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. दादांच्या बायकोने, काकूंनी, वरून चहा पाठवला, कुणी घेतला नाही. तन्मय ड्रमच्या मागे बसला होता, दाढी वाढलेली. दादा खुर्चीवर. प्रसादने सरळच विचारलं, "दादा, हा अल्बम तुम्ही पास केला होता?"

सगळे दादांकडे बघत होते. दादांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग तन्मयकडे. मी मान हलवली, सांगा म्हणून.

"म्या न्हाई म्हनलो व्हतो," दादा म्हणाले. "पोरांनी ऐकलं न्हाई."

खोलीत सगळ्यांनी सुस्कारा टाकला. वाटलंच, दादा असं पास करणारच नाहीत, असं कुणीतरी म्हणालं. प्रसादने दादांच्या खांद्यावर हात ठेवला. मी बोलायला उठले, तर तन्मय माझ्या आधी बोलला. "बरोबर आहे. चूक माझी आहे. दादांनी सांगितलं होतं." आणि तो झांजांचे स्क्रू काढून त्या पिशवीत भरायला लागला. दादा मांडीवर दोन्ही हात ठेवून बसून राहिले. ज्या माणसाने मला नाही म्हणायला शिकवलं, त्याने आयुष्यातला सगळ्यात स्वस्त 'नाही' माझ्या डोळ्यांदेखत वापरला होता.

रहाटणी चौकात मी तन्मयला थांबवून सगळं सांगितलं, व्हॅनसकट. त्याने झांजांची पिशवी खाली ठेवली. मग म्हणाला, "ऐकू येत नव्हतं, त्याचं काही नाही गं. मला सांगायचं होतं ना. मला टोचत होत्या झांजा. मी माझे कान खोटे ठरवले, त्यांचे खरे धरून." मी म्हटलं, आपण ग्रुपवर सांगू. तो म्हणाला, "नको. म्हाताऱ्याला कुठे उघडं पाडायचं." पुढच्या महिन्यात बँड मोडला. तन्मय नोकरीसाठी बंगळूरला गेला. 'उष्मा' आहे तसाच इंटरनेटवर पडून आहे, खाली ती सगळी बोलणी तशीच.

त्यानंतर दादांशी मी कामापुरतं बोलले. बसमध्ये मागच्या सीटवर बसायला लागले. ते निवृत्त झाले त्या दिवशी कँटीनमध्ये समारंभ होता. मी टेबलावर काम काढून बसले होते.

शेवटचं बघितलं ते गेल्या उन्हाळ्यात. रहाटणीला मैत्रिणीचं नवीन घर बघायला गेले होते, वाट त्याच गल्लीतून होती. दोन गल्ल्या आधीपासून आवाज यायला लागला. 'उष्मा'. दुसरं गाणं. समोरच्या बाईने खिडकी धाडकन लावून घेतली. दादा दारातल्या ओट्यावर बसले होते, शेजारी मोठा स्पीकर, डोळे मिटलेले, मांडीवर बोट मोजतंय. चेहऱ्यावर असं समाधान होतं की मला रडू आलं आणि त्याचाच राग आला. अख्ख्या जगात हा अल्बम एकाच माणसाला नीट ऐकू येत होता.

मी तशीच पुढे जाणार होते. पण गाणं संपलं, त्यांनी डोळे उघडले आणि मी दिसले. त्यांनी स्पीकर बंद केला. बसायला सरकून जागा केली. मी उभीच राहिले.

"तन्याला फोन केला व्हता म्या," ते म्हणाले. "नातवाकडनं लावून घेतला. समदं सांगितलं त्याला. मी खोटं बोललो म्हनून बी सांगितलं."

मी जवळ जाऊन मोठ्याने विचारलं, "मग? काय म्हणाला तो?"

दादा माझ्या ओठांकडे बघत होते. "बोलला कायतरी. लई येळ बोलला. मला एक शब्द कळला न्हाई, ताई. फोनातलं आता कायच कळत न्हाई. नातू खेळाय पळाला व्हता. मी आपला व्हय, व्हय म्हनत ऱ्हायलो, आन त्यानं ठिवला." त्यांनी टोपी काढून हातात धरली. "त्यो शिव्या देत व्हता का दुसरं काय म्हनत व्हता, तेवढं विचारून सांगशील का मला?"

मी हो म्हटलं. तन्मयचा नंबर माझ्या फोनमध्ये आहे, दिवाळीला त्याचा मेसेजही आला होता. या गोष्टीला वर्ष होऊन गेलं. मी अजून विचारलेलं नाही.